गर्दी टाळून नायगरा कसा बघावा: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

मे-जूनमध्ये भारतातून आई-बाबा आले की न्यू जर्सी, न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनियातल्या मराठी घरांत एक बेत हमखास ठरतो, तो म्हणजे नायगरा. बहुतेक जण तो एकाच पद्धतीने आखतात. लाँग वीकेंड धरायचा, शनिवारी पहाटे निघायचं, संध्याकाळी पोचायचं, रविवारी नाश्ता उरकून अकराच्या सुमारास बोटीच्या रांगेत लागायचं. शेकडो कुटुंबं आणि न्यूयॉर्कहून निघालेल्या सगळ्या टूरबस हेच करतात. मग दोन तास रांगेत, पाऊण तास पार्किंगच्या शोधात आणि धबधब्यापाशी कठड्यावर माणसांच्या तीन फळ्या. सत्तरीच्या आईला त्यातून वाट काढत पुढे न्यायचं, तर तिचा निम्मा जीव तिथेच जातो.

हे सगळं टाळता येतं, आणि त्यासाठी जास्तीचा पैसाही लागत नाही. नायगराची गर्दी ठरावीक तासांत, ठरावीक तीन-चार जागांवर असते. ते तास आणि त्या जागा कळल्या की तोच धबधबा निवांत बघता येतो. धबधबा अमेरिका आणि कॅनडाच्या सीमेवर आहे. हा लेख अमेरिकेच्या बाजूपुरता आहे, कारण आपल्यातले बरेच जण व्हिसामुळे त्याच बाजूला असतात.

आधी जागा समजून घ्या

बरेच जण याला नॅशनल पार्क म्हणतात. प्रत्यक्षात हे न्यूयॉर्क राज्याचं स्टेट पार्क आहे, अमेरिकेतलं सगळ्यात जुनं. त्याआधी धबधब्याभोवतीची जमीन खाजगी मालकांच्या ताब्यात होती. त्यांनी कुंपणं घातली होती आणि नुसता धबधबा बघण्याचेही पैसे घेतले जात. त्याविरुद्ध वर्षानुवर्षं चळवळ झाली. न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क आखणारे फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड त्यात पुढे होते. अखेर जुलै १८८५ मध्ये ही जागा सर्वांसाठी मोफत खुली झाली. आजही पार्कात शिरायला तिकीट नाही, फाटक नाही, आणि ते वर्षाचे ३६५ दिवस, चोवीस तास उघडं असतं. पैसे लागतात ते पार्किंगला, बोटीला, लाकडी जिन्यांच्या सफरीला, ट्रॉलीला आणि हंगामात निरीक्षण मनोऱ्याला.

गर्दी टाळण्याची सगळी युक्ती या एका गोष्टीत आहे. बोटीला वेळापत्रक आहे, धबधब्याला नाही. सकाळी साडेसातला तुम्ही कठड्याला टेकून उभे राहिलात तर तुम्हाला कोणी अडवत नाही, आणि बहुतेक लोक तेव्हा हॉटेलात वॉफल भाजत असतात.

नकाशा डोक्यात असा ठेवा. शहराच्या बाजूच्या काठावर प्रॉस्पेक्ट पॉइंट, निरीक्षण मनोरा आणि ‘मेड ऑफ द मिस्ट’ची बोट. नदीच्या मध्ये गोट आयलंड नावाचं मोठं, झाडीचं बेट, ज्यावर गाडीने किंवा पायी पुलावरून जाता येतं. बेटाच्या टोकाला टेरापिन पॉइंट, म्हणजे घोड्याच्या नालेच्या आकाराच्या हॉर्सशू फॉल्सची अगदी कड. बेटाच्या दुसऱ्या अंगाला इवलंसं लूना आयलंड. त्याच्या एका बाजूने अमेरिकन फॉल्स कोसळतो, दुसऱ्या बाजूने लहानसा ब्रायडल व्हेल फॉल्स, आणि त्याच्या पायथ्याशी ‘केव्ह ऑफ द विंड्स’ची सफर. गोट आयलंडच्या कनेडियन अंगाला, धबधब्याच्या जरा वर, थ्री सिस्टर्स आयलंड्स.

गर्दी प्रॉस्पेक्ट पॉइंट, बोटीचा धक्का, टेरापिन पॉइंट आणि केव्ह ऑफ द विंड्स या चार ठिकाणी साचते. बाकीचं पार्क भर जुलैतही श्वास घेता येईल इतकं मोकळं असतं.

पहिली पायरी: तारीख

तारीख नीट निवडलीत तर निम्मं काम झालं. त्यासाठी आपल्याकडच्या सुट्ट्या बघून भागत नाही, पलीकडे कॅनडा आहे. कॅनडाचा राष्ट्रीय दिन १ जुलै आणि अमेरिकेचा ४ जुलै, त्यामुळे तो सगळा आठवडाच भरलेला असतो. लेबर डे दोन्ही देशांत एकाच दिवशी, सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी येतो. ऑक्टोबरचा दुसरा सोमवार अमेरिकेत कोलंबस डे, तर कॅनडात थँक्सगिव्हिंग, म्हणजे तोही दुहेरी वीकेंड. शिवाय मेच्या शेवटच्या सोमवारचा मेमोरियल डे, आणि कॅनडात ऑगस्टच्या पहिल्या सोमवारची सुट्टी. हे दिवस कॅलेंडरवर सरळ खोडून टाका.

मला विचाराल तर वर्षातला सगळ्यात उत्तम काळ म्हणजे लेबर डे उलटल्यापासून १५ सप्टेंबरपर्यंतचे दिवस. शाळा सुरू झालेल्या असतात, हवा उबदार असते, बोट आणि केव्ह ऑफ द विंड्स दोन्ही चालू असतात. पंधरा तारखेला वेगळं महत्त्व आहे, ते पुढे सांगते. गणपती बरेचदा याच दिवसांत येतात, पण महाराष्ट्र मंडळाचे कार्यक्रम शनिवार-रविवारी असतात आणि आपण जाणार आहोत आठवड्याच्या मधल्या वारी, म्हणून आड येत नाहीत.

दुसरा चांगला काळ मेमोरियल डेनंतर शाळा सुटेपर्यंतचा, म्हणजे जवळजवळ जून अर्धा सरेपर्यंत. या दिवसांत शाळांच्या सहली येतात, पण त्या दहा ते दोनमध्येच. आई-बाबांची तिकिटं मे-जूनची असतील तर हाच काळ धरा.

वारांमध्ये मंगळवार, बुधवार, गुरुवार मोकळे. पण इतकी रजा सगळ्यांना मिळत नाही. त्यांच्यासाठी माझं आवडतं उत्तर म्हणजे साधा, सुट्टीला न जोडलेला रविवार आणि सोमवार.

दुसरी पायरी: लोंढ्याच्या उलट दिशेने जा

एडिसन किंवा जर्सी सिटीहून नायगरा चारशे मैलांच्या आसपास. थांबे धरून साडेसात-आठ तास लागतात. शनिवारी निघालात तर तुमच्याबरोबर सगळेच निघालेले असतात. रविवारी सकाळी आठला निघा. संध्याकाळी चार-साडेचारला तुम्ही नायगराला पोचता तेव्हा वीकेंडची गर्दी परतीच्या रस्त्याला लागलेली असते, समोरच्या लेनमध्ये. रविवार रात्रीचं हॉटेलही बहुधा शनिवारपेक्षा बरंच स्वस्त पडतं.

मग सोमवारची सकाळ नायगराला, दुपारी एकला परतीचा रस्ता, आणि रात्री घरी. रजा फक्त एका दिवसाची. लहान मुलांची शाळा बुडणार असेल तर जूनअखेरचा किंवा ऑगस्टअखेरचा सोमवार बघा. तो सप्टेंबरइतका मोकळा नसेल, पण शनिवारच्या तुलनेत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

गाडी चालवायची नसेल तर बफलोच्या विमानतळावरून टॅक्सीने अर्ध्या तासात पोचता येतं. न्यूयॉर्कहून ॲमट्रॅकची थेट रेल्वेगाडीही आहे, पण तिला नऊ तासांच्या आसपास लागतात आणि वयस्कर माणसांना ते जड जातं.

तिसरी पायरी: हॉटेल चालत जाण्याच्या अंतरावर

इथे काटकसर करू नका. पाच-सहा मैल लांबचं हॉटेल वीस-तीस डॉलरनी स्वस्त पडतं आणि मग दर वेळी पार्किंग शोधावं लागतं. हंगामात सुट्टीच्या दिवशी पार्कातली पार्किंगं सकाळी अकरापर्यंत भरू लागतात. पार्कपासून दहा मिनिटांच्या चालीवरचं हॉटेल घेतलं की गाडी तिथेच राहते. सकाळी लवकर बाहेर पडणंही सोपं होतं. रात्री दिव्यांची रोषणाई बघून चालत परत येता येतं, आणि आई-बाबा दमले तर एक जण त्यांना खोलीवर सोडून पुन्हा येऊ शकतो. हे शेवटचं फार कामाला येतं.

गुडघ्यांचा त्रास असलेलं कोणी बरोबर असेल आणि गाडी पार्कात न्यायचीच असेल, तर ती गोट आयलंडवर लावा, तिथे दोन पार्किंगं आहेत. प्रॉस्पेक्ट पॉइंटजवळच्या मुख्य पार्किंगमध्ये सगळे शिरतात, कारण ते आधी दिसतं.

गाडी चालवताना एक काळजी घ्या. रेनबो ब्रिजच्या पाट्या दिसल्या की लेन नीट बघा. चुकून त्या पुलाच्या लेनमध्ये शिरलात तर मागे वळायला जागा नसते, आणि पलीकडे कॅनडाची सीमाचौकी आहे. एच-वन किंवा व्हिजिटर व्हिसावरच्या भारतीय पासपोर्टधारकाला कॅनडाचा वेगळा व्हिसा लागतो. ग्रीन कार्ड असेल तर तो लागत नाही, पण पासपोर्ट आणि कार्ड दोन्ही जवळ हवेत. आई-बाबा गाडीत असतील तर मोबाइलच्या नकाशात फक्त ‘नायगरा फॉल्स’ असं टाकू नका, तो कधीकधी कॅनडाच्या बाजूला नेतो. हॉटेलचा पत्ता टाका.

चौथी पायरी: पाण्याची वेळ

ही गोष्ट फार कमी जणांना माहीत असते, आणि गर्दी टाळायची म्हणून अगदी पहाटे जाणाऱ्यांनी ती जरूर वाचावी.

नायगरा नदीचं पाणी दोन्ही देश वीजनिर्मितीसाठी वळवतात. किती वळवायचं ते १९५० च्या कराराने ठरलं आहे. १ एप्रिल ते १५ सप्टेंबर सकाळी ८ ते रात्री १०, आणि १६ सप्टेंबर ते ३१ ऑक्टोबर सकाळी ८ ते रात्री ८, धबधब्यावरून सेकंदाला किमान एक लाख घनफूट पाणी सोडावंच लागतं. म्हणजे दर सेकंदाला सुमारे २८ लाख लिटर. बाकीच्या वेळी, म्हणजे रात्री आणि सबंध हिवाळाभर, ही मर्यादा निम्मी, पन्नास हजार घनफूट. धबधब्याच्या वरच्या अंगाला नदीत दारांची एक रांग आहे, तिच्यातून हे नियंत्रण होतं.

म्हणून पहाटे पाचला गेलात तर एकांत मिळेल, पण पाणी कमी दिसेल. कमी म्हणजे केविलवाणं नव्हे, निम्मा नायगराही पुष्कळ असतो. पण आयुष्यात एकदाच येणाऱ्या आई-बाबांना तो पूर्ण भरात दाखवायला हवा. त्यासाठी उत्तम वेळ सकाळी आठ ते साडेनऊ. पाणी पूर्ण आणि माणसं तुरळक. टूरबस साधारण नऊ-साडेनऊनंतर रिकाम्या होऊ लागतात.

१५ सप्टेंबरचं महत्त्वही हेच. त्या तारखेपर्यंत रात्री दहापर्यंत पूर्ण पाणी असतं, म्हणून रोषणाई भरल्या धबधब्यावर बघायला मिळते. पुढे ते आठला कमी होतं.

पाचवी पायरी: रविवार संध्याकाळ

हॉटेलात सामान टाका, चहा घ्या आणि बोटीकडे निघा. शेवटची बोट किती वाजता आहे ते निघायच्या आधीच्या रात्री अधिकृत संकेतस्थळावर बघून ठेवा, ऋतू आणि वाराप्रमाणे ते बदलतं. बोट वसंतापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंतच चालते. तिकीटही तिथूनच काढा. रस्त्यावरच्या ‘पॅकेज’वाल्यांकडून घेण्याची गरज नाही.

‘मेड ऑफ द मिस्ट’ची पहिली बोट १८४६ ची, तेव्हा ती नदी ओलांडून देणारी फेरी होती. २०२० पासून अमेरिकेच्या बाजूच्या बोटी विजेवर चालतात, त्यामुळे धुराचा वास नाही आणि इंजिनाची धडधड नाही, कानावर येतो तो पाण्याचाच आवाज. एका फेरीत शेकडो माणसं मावतात, म्हणून रांग लांब दिसली तरी ती भराभर सरकते. फेरी वीसेक मिनिटांची. संध्याकाळच्या शेवटच्या एक-दोन तासांत रांग सहसा अगदी आटोपशीर असते.

बोटीत चढल्यावर सगळे वरच्या डेककडे धावतात. धावू नका. खालच्या डेकच्या कठड्याशी आई-बाबांना उभं करा, तिथे धरायला आधार असतो आणि वाराही जरा कमी. जाताना अमेरिकन फॉल्स डाव्या हाताला येतो, परतताना उजव्या. निळा रेनकोट तिकिटातच मिळतो. चष्मा असेल तर पुसायला रुमाल रेनकोटच्या आत ठेवा, बाहेर ठेवलेला भिजून जातो.

उतरल्यावर सरळ लिफ्टकडे जाऊ नका. धक्क्याजवळून अमेरिकन फॉल्सच्या पायथ्याकडे जाणारा एक जिना आहे, ‘क्रोज नेस्ट’ नावाचा. तो बोटीच्या तिकिटातच येतो. तरुण मंडळींनी तो जरूर चढावा, आई-बाबांनी खालीच थांबावं.

अंधार पडल्यावर धबधब्यावर रंगीत दिवे सोडतात. हे दिवे कॅनडाच्या बाजूने येतात. उन्हाळ्यात रात्री आतषबाजी असते, तिच्यासाठी प्रॉस्पेक्ट पॉइंटवर पाय ठेवायला जागा उरत नाही आणि ती संपताच सगळ्या गाड्या एकदम बाहेर पडतात. नुसते दिवे बघायचे असतील तर आतषबाजीच्या तासभर आधी जा आणि चालत परत या.

सहावी पायरी: सोमवार सकाळ

सात वाजता हॉटेल सोडा. नाश्ता मागाहून. खिशात पोळीचा रोल किंवा मेथीचे ठेपले असले की पुरे. थर्मासमध्ये चहा घेतलात तर आणखी उत्तम.

पहिल्यांदा थेट थ्री सिस्टर्स आयलंड्सना जा. एका सेनानीच्या तीन मुलींवरून ही नावं पडली आहेत: ॲसिनाथ, अँजेलिन, सेलिंडा एलायझा. बसटूरमध्ये ही बेटं नसतातच, म्हणून इथे भर हंगामातही गर्दी होत नाही. छोटे दगडी पूल ओलांडत शेवटच्या बेटावर पोचलात की समोर नदी असते, धबधबा व्हायच्या जरा आधीची. इथे ती वरून उतरत येते. नजर वर नेली तर पाण्याची कड आभाळाला टेकलेली दिसते, आणि तिथून ते पाणी पांढरं होत, खडकांना वळसे घालत, तुमच्या पायांपासून दोन-तीन फुटांवरून सरकत जातं. कडेच्या सपाट खडकावर बसलात तर एखादं पान वाहत येताना दिसतं आणि डोळे त्याच्यामागे फिरवेपर्यंत ते दिसेनासं झालेलं असतं. नायगराची ताकद मला इथे जितकी जाणवते तितकी कुठल्याच कठड्यावर जाणवत नाही. पण खडक निसरडे आहेत आणि कठडे सगळीकडे नाहीत. मुलांचा हात सोडू नका. पाण्यात पाय घालायचा विचारही करू नका, धबधबा हाकेच्या अंतरावर आहे.

आठच्या सुमारास चालत टेरापिन पॉइंटला या. नायगराच्या पाण्यातलं जवळजवळ नऊ-दशांश इथल्या हॉर्सशू फॉल्सवरून जातं. सकाळी इथे येण्याचं आणखी एक कारण आहे. इंद्रधनुष्य नेहमी सूर्याच्या विरुद्ध बाजूला दिसतं, आणि टेरापिन पॉइंटवरून तुम्ही पश्चिमेकडे बघत असता. सकाळचं ऊन पाठीमागून येतं, तुषार समोर असतात, म्हणजे ऊन असेल तर धनुष्य जवळजवळ नक्की. दुपारी दोनला हेच ठिकाण माणसांनी भरलेलं असतं आणि धनुष्यही इथून गेलेलं असतं.

इथे अर्धा तास थांबा. फोटो काढायला कोणी मागून घाई करत नाही, तर नुसतं बघत बसा.

मग केव्ह ऑफ द विंड्सकडे. बोटीचं तिकीट आधी की याचं, असा प्रश्न बरेच जण विचारतात. माझं उत्तर ठाम आहे: सकाळची वेळ केव्ह ऑफ द विंड्सला द्या आणि संध्याकाळची बोटीला. बोटीची रांग शेकड्याने उपसली जाते. इथे मात्र लिफ्टने १७५ फूट खाली उतरायचं आणि अरुंद लाकडी जिन्यांवरून चालायचं असतं, म्हणून रांग हळूहळू सरकते, आणि गर्दीच्या दिवशी तिकिटाला वेळ नेमून दिली जाते. अकराला तिकीट काढलं तर दुपारी दोनची वेळ हाती येऊ शकते. सकाळी उघडताना दारात उभे असाल तर पहिल्या तुकडीत खाली उतरता.

नावात गुहा असली तरी आता तिथे गुहा नाही. ब्रायडल व्हेलच्या मागची खरी गुहा १९५४ मध्ये दरड कोसळल्यानंतर पाडून टाकली. आता आहेत ते लाकडी जिने आणि डेक. सगळ्यात वरचा ‘हरिकेन डेक’ धबधब्यापासून अवघ्या वीस फुटांवर आहे. त्यावर उभं राहिलात की पाणी अंगावर चहूबाजूंनी येतं, आणि शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं. हे सगळं लाकूडकाम हिवाळ्यातल्या बर्फापासून वाचवण्यासाठी दर शरदात उतरवतात आणि दर वसंतात पुन्हा बांधतात. म्हणून नोव्हेंबरच्या पुढे आणि मेच्या मध्याआधी हरिकेन डेक मिळेलच असं धरून चालू नका.

आई-बाबांना वरपर्यंत नेण्याचा आग्रह धरू नका. खालच्या डेकवरूनही धबधबा समोर दिसतो आणि अंग पुरेसं भिजतं. पायात घालायला सपाता मिळतात, त्या मोजे काढून घाला आणि आपले बूट पिशवीत घ्या. साडी नेसणाऱ्या आईला त्या दिवशी सलवार-कमीज किंवा पँट घालायला सांगा, भिजलेली साडी ओल्या जिन्यांवर पायात येते. गुडघे दुखत असतील तर लिफ्टने खाली येऊन पायथ्याच्या वाटेवरच थांबलेलं बरं.

इथे एक देवाणघेवाण आहे, ती मान्य करायला हवी. ब्रायडल व्हेल पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणून त्याच्या पायथ्याशी इंद्रधनुष्य दुपारनंतर दिसतं. धनुष्य हवंच असेल तर दिवसाच्या शेवटच्या तुकड्यांपैकी एक धरा, तीही तुलनेने मोकळी असते. सकाळ आणि संध्याकाळ यांच्यामधली वेळ तेवढी टाळा.

वर आल्यावर लूना आयलंड. पाच मिनिटांचं काम, पण चुकवू नका. अमेरिकन फॉल्सची कड इथे इतकी जवळ येते की पाणी वळताना हिरवं दिसतं आणि मग फुटून पांढरं होतं, हा बदल नीट बघता येतो.

एव्हाना साडेदहा-अकरा वाजलेले असतात आणि प्रॉस्पेक्ट पॉइंटकडून लोंढा येऊ लागतो. तुमचं मुख्य बघून झालेलं आहे.

सातवी पायरी: अकरा ते चार, पार्कच्या बाहेर

हे पाच तास धबधब्यापाशी घालवू नका. जेवण साडेअकरालाच उरकून घ्या. धबधब्याजवळ भारतीय जेवणाची बरीच हॉटेलं आहेत, पण बाराला बसटूर तिथे उतरतात आणि मग बसायला खुर्ची मिळत नाही.

मुक्काम वाढवला असेल तर दुपारी नदीच्या काठाने उत्तरेला जा. काही मैलांवर व्हर्लपूल स्टेट पार्क आहे, जिथे नदी काटकोनात वळते आणि प्रचंड भोवरा तयार होतो. वरच्या कठड्यावरून तो आरामात दिसतो, आई-बाबांना एकही पायरी उतरावी लागत नाही. त्याच्या पुढे डेव्हिल्स होल स्टेट पार्क, तिथे शेकडो दगडी पायऱ्या उतरून थेट दरीत नदीकाठी जाता येतं. ज्यांचे पाय तयार आहेत त्यांनी जावं. चढून परत यायचं आहे हे लक्षात ठेवून पाणी बरोबर घ्यावं. आणखी उत्तरेला, नदी लेक ओंटारियोला मिळते तिथे फोर्ट नायगरा स्टेट पार्क. तिथल्या किल्ल्यातली मुख्य दगडी इमारत फ्रेंचांनी १७२६ मध्ये बांधायला घेतली. आपल्याकडच्या किल्ल्यांची आवड असलेल्या बाबांना तिथे दोन तास कसे गेले कळत नाहीत.

सोमवारीच परतायचं असेल तर एकला निघून अडीच तासांत वॉटकिन्स ग्लेन स्टेट पार्क गाठा. शनिवारी नायगराला जाता जाता सगळे इथे थांबतात, दुपारी बारा ते तीन. तुम्ही सोमवारी, चारच्या सुमारास, परतीच्या वाटेवर. अरुंद दरीतली दीड मैलाची वाट, १९ धबधबे आणि आठशेच्या वर पायऱ्या. एका ठिकाणी वाट धबधब्याच्या मागून जाते. पायऱ्या कायम ओल्या असतात, म्हणून चपला नकोत. सगळी वाट चालायची गरज नाही, पहिल्या अर्ध्या मैलातही पुष्कळ बघून होतं. ही वाट हिवाळ्यात बंद असते, साधारण मेच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत उघडी.

हिवाळ्याबद्दल थोडं

जानेवारी-फेब्रुवारीत नायगराला माणूस दिसत नाही. पाणी निम्मं, बोट बंद, पण कठडे, झाडं, दिव्याचे खांब सगळे तुषार गोठून पांढरे झालेले असतात. तरुण जोडप्यांनी एकदा जरूर जावं, बुटांना बर्फावर लावायचे काटे घेऊन. आई-बाबांना मात्र नेऊ नका, फरशा गोठलेल्या असतात आणि एक घसरणं महागात पडतं.

जुलैच्या लाँग वीकेंडशिवाय पर्यायच नसेल तर

असंही होतं. आई-बाबांची परतीची तारीख जवळ आलेली असते आणि रजा तेवढीच असते. मग नायगराला फक्त दोन तुकडे द्या: सकाळी सहा ते साडेनऊ, आणि रात्री. बोट घ्यायचीच असेल तर पहिली घ्या, तिकीट आदल्या दिवशी काढून ठेवा आणि सुटण्याच्या पाऊण तास आधी धक्क्यावर जा. केव्ह ऑफ द विंड्स त्या दिवशी सोडून द्या.

आणि दिवसाचा मधला भाग लेचवर्थ स्टेट पार्कला द्या. नायगरापासून दीडेक तासावर, परतीच्या वाटेपासून फार लांब नाही. जेनेसी नदीने कोरलेली खोल दरी, तिच्यात एकामागोमाग तीन मोठे धबधबे, आणि पार्क मैलोन्‌मैल पसरलेलं असल्याने माणसं विखुरली जातात. मधल्या धबधब्याचा कठडा पार्किंगपासून अगदी जवळ आहे, आई-बाबांना सहज जमतो. टेबलं मांडलेली आहेत, सावली आहे, डबे उघडून तासभर बसता येतं. इथॅकाजवळचा टॉगॅनॉक फॉल्सही याच कामाचा. तो २१५ फूट उंच, म्हणजे नायगरापेक्षाही उंच, आणि त्याच्या पायथ्याकडे जाणारी पाऊण मैलाची वाट जवळजवळ सपाट आहे. उन्हाळा कोरडा गेला तर तिथलं पाणी रोडावतं, म्हणून त्याला पाऊस पडून गेल्यावर किंवा वसंतात जा. लेचवर्थला अशा दिवशी नायगराहून निघून शक्य तितक्या लवकर आत शिरा, दुपारी फाटकाशी गाड्यांची रांग लागते.